प्रसूती रजा कधीपासून? मोजणी शेवटाकडून

पाचवा महिना उलटला की स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता प्रश्न येतोच, "मग, रजा कधीपासून टाकणार?" आपण उत्तर द्यायच्या आत विचारणाऱ्या बाईच सांगून टाकतात, "आम्ही तर कळा सुरू होईपर्यंत वर्गावर होतो हो." शेवटच्या दिवसापर्यंत फळ्यासमोर उभं राहण्याचं आपल्याकडे फार कौतुक. बाळंतपणाआधी घेतलेला प्रत्येक दिवस बाळाच्या वाट्यातून जातो, असा त्यामागचा हिशोब. बँकेतल्या किंवा तहसीलमधल्या बाईंसाठी तो बरोबर असेल. शिक्षिकेच्या बाबतीत कित्येकदा चुकतो, कारण आपल्याला मे महिन्याची सुट्टी आहे. रजा सुरू कुठे होते यापेक्षा ती संपते कुठे, यावर बाळाजवळ किती दिवस मिळणार ते ठरतं.

आधी नियम थोडक्यात. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांतल्या नियमित शिक्षिकांना १८० दिवसांची रजा मिळते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधला नियम ७४ हा प्रसूती रजेचा. पूर्वी ९० दिवस होते, २४ ऑगस्ट २००९ च्या शासन निर्णयाने १८० झाले. हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असली पाहिजेत. पगार पूर्ण मिळतो आणि रजेच्या खात्यातून एकही दिवस वजा होत नाही. अनुदानित खाजगी शाळांच्या सेवाशर्तींची नियमावलीही १९८१ चीच, तिथे रजेचा नियम १६ वा. शिक्षण सेवक (सुरुवातीची वर्षं मानधनावर नेमलेल्या शिक्षिका) असाल तर आधी नियुक्ती आदेशातली रजेची अट वाचा आणि मगच कॅलेंडर उघडा.

हे १८० दिवस सलग मोजतात. रविवार, सण, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, जे मध्ये येईल ते सगळं त्यात जातं. आणि १८० दिवस म्हणजे सहा महिने नव्हेत. १ सप्टेंबरला सुरू झालेली रजा २७ फेब्रुवारीला संपते आणि २८ ला हजर व्हावं लागतं. 'सहा महिने' धरून १ मार्चला शाळेत गेलं की मधला एक दिवस विनापरवाना गैरहजेरीचा होतो. एका दिवसासाठी पुढे सेवापुस्तकात खुलासे जोडत बसावं लागतं.

म्हणून मोजणी तोंडी करू नका. भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा, पेन्सिल घ्या आणि रजेच्या पहिल्या तारखेवर १ लिहा. शून्य नाही, १. मग प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या तारखेवर आतापर्यंतची बेरीज लिहीत जा. १ सप्टेंबरचं उदाहरण: सप्टेंबरअखेर ३०, ऑक्टोबरअखेर ६१, नोव्हेंबरअखेर ९१, डिसेंबरअखेर १२२, जानेवारीअखेर १५३, उरले २७. मध्ये २९ फेब्रुवारी ओलांडायचा असेल तर शेवटची तारीख एक दिवस अलीकडे येते. हा कागद जपून ठेवा, कार्यालयातल्या लिपिकाशी तारखेवरून बोलणं झालं तर तोच उपयोगी पडतो.

आता मुख्य गंमत. शाळा साधारण २ मेपासून बंद आणि १५ जूनला उघडणार असं धरू. (विदर्भात उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तिथे पुढचा हिशोब आणखी फायद्याचा.) समजा डॉक्टरांनी १० डिसेंबर तारीख दिली आहे.

एक बाई म्हणतात, प्रसूतीच्या दिवसापासूनच रजा. १० डिसेंबरपासून १८० दिवस ७ जूनला संपतात. पूर्ण मे महिना रजेत गेला, १५ जूनला शाळा.

दुसऱ्या बाई १ नोव्हेंबरपासून रजा घेतात. त्यांची रजा २९ एप्रिलला संपते. ३० एप्रिलला त्या हजर होतात, १ मेला झेंडावंदन आणि निकालवाटप, २ मेपासून सुट्टी. ही सुट्टी रजा नाही, ती शिक्षकाच्या हक्काची. त्यांचीही शाळा १५ जूनलाच.

दोघींची बाळं १५ जूनला सहा महिने आणि पाच दिवसांचीच असणार. फरक इतकाच, की दुसऱ्या बाईंना नवव्या महिन्यात आणि त्याच्या आधीचे काही दिवस मिळून ३९ दिवस घरी मिळाले, आणि त्यासाठी मोजले फक्त दोन दिवस शाळेचे. पहिल्या बाईंनी ते ३९ दिवस वर्गात उभं राहून काढले आणि पदरात काही पडलं नाही.

हे आणखी ताणून बघा. १५ जूनला हजर व्हायचं तर रजा उशिरात उशिरा १७ डिसेंबरला सुरू करता येते, तेव्हा ती १४ जूनला संपते. म्हणजे १ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर या ४७ दिवसांत रजा कधीही सुरू करा, खऱ्या अर्थाने शाळेत परतायचं ते १५ जूनलाच. नोव्हेंबरअखेर ते १७ डिसेंबर या काळातली तारीख असलेल्या बाईंनी शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्यात कसलाही नफा नाही, हे एकदा कॅलेंडरवर बघितलं की स्टाफरूममधले सल्ले आपोआप गळतात.

यात एक गाठ आहे. रजा बरोबर १ मेला संपवायची तर ती ३ नोव्हेंबरला सुरू करावी लागते (लीप वर्षात ४ नोव्हेंबर), आणि कागदावर हे सर्वांत नेटकं दिसतं. पण सुट्टीच्या आधी निदान एक दिवस हजर झाल्याशिवाय सुट्टी धरायला काही कार्यालयं नाखूष असतात. म्हणून शेवट एकदोन दिवस अलीकडे ठेवलेला बरा, ३० एप्रिलच्या हजेरीपटावर सही पडते आणि वाद मिटतो. रजा सुट्टीच्या मध्यावर संपत असेल, उदाहरणार्थ १५ मेला, तर हजर अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा की शाळा उघडल्यावर, हे मुख्याध्यापकांकडून एप्रिलमध्येच लेखी घेऊन ठेवा. मेमध्ये कार्यालयात विचारायला कुणी सापडत नाही.

दिवाळीकडेही लक्ष द्या, ती दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्यामुळे ते ८ नोव्हेंबरला. अशा वर्षी १ नोव्हेंबरपासून रजा घेतली तर दिवाळीची सुट्टी रजेत जळते. त्यापेक्षा सुट्टी सुट्टी म्हणून भोगायची आणि ती संपल्या दिवसापासून रजा. १७ नोव्हेंबरपासून घेतली तर १५ मेला संपते आणि परतायची तारीख तीच राहते. मात्र किरकोळ रजा सुट्टीला जोडता येत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी 'एक सीएल टाकते' म्हणून गेलात की अख्खी सुट्टी अडचणीत येते.

जानेवारीअखेरची तारीख असेल तर हे गणित विरायला लागतं. २५ जानेवारी ही तारीख धरा. ३ नोव्हेंबरला रजा घेतली तर प्रसूतीपूर्वीच बारा आठवडे जातात, आणि १५ जूनला परतताना बाळ जेमतेम साडेचार महिन्यांचं. १० जानेवारीपासून घेतली तर रजा ८ जुलैला संपते, मे महिना रजेत जातो, पण परतताना बाळ साडेपाच महिन्यांचं असतं. इथे सुट्टी वाचवण्याच्या मागे लागू नये. सुट्टी जळली तरी बाळाजवळचा महिना मोलाचा, विशेषतः पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यायचं असेल तर.

मार्च-एप्रिलवाल्यांचं सर्वांत अवघड. दहावी-बारावीच्या परीक्षा, पर्यवेक्षण, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, संकलित मूल्यमापन, निकालपत्रकं सगळं अंगावर, आणि मे महिना रजेतून सुटत नाही. २० एप्रिलची तारीख असताना २५ मार्चपासून रजा घेतली तर ती २० सप्टेंबरला संपते. त्या आधी दोनतीन आठवडे डॉक्टरांनी खरोखरच विश्रांती सांगितली असेल, तर ते दिवस प्रसूती रजेतून न घेता परिवर्तित रजेतून घ्या. आपल्याला वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर तिची पूर्ण पगारी परिवर्तित रजा करता येते, खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. सहा वर्षं सेवा झालेली आणि काही न वापरलेली शिक्षिका म्हणजे १२० दिवस जमा, म्हणजेच पूर्ण पगाराचे ६० दिवस. पुष्कळ बायकांना हे खातं आपलं आहे हेच ठाऊक नसतं. सेवापुस्तकातला रजेचा हिशोब चौथ्या महिन्यातच बघून घ्या. तो अद्ययावत नसतो, आणि अद्ययावत करायला महिना जातो.

मे महिन्यातली तारीख असेल तर सोपं. २० मे तारीख असेल तर २ ते १९ मे ही सुट्टीच, रजा प्रसूतीच्या दिवसापासून. ती नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पुरते. व्यवहारात प्रसूती झाली की रजा त्या दिवसापासून धरली जाते, सुट्टी संपेपर्यंत ती पुढे ढकलून मिळेल अशी आशा धरू नये. जुलैची तारीख असेल तर रजा १५ जूनपासून म्हणजे शाळा उघडल्या दिवसापासून घेता येते, सुट्टी तिच्या आधी जोडली जाते. अर्ज मात्र एप्रिलअखेर आवक झालेला हवा. १४ जूनच्या रात्री मुख्याध्यापकांना व्हॉट्सअॅप करणं म्हणजे अर्ज करणं नव्हे.

जुलैवाल्यांसाठी पैशाचा एक मुद्दा, जो सहसा कुणी सांगत नाही. ज्यांची वेतनवाढ १ जुलैची आहे त्या त्या दिवशी रजेवर असल्या, तर वाढीचा प्रत्यक्ष पैसा हजर झाल्यावरच सुरू होतो. रजेचा पगार रजेवर जाण्याआधीच्या वेतनावर निघतो. २५ जुलै तारीख असलेल्या बाईंनी १५ जूनपासून रजा घेतली तर त्या १२ डिसेंबरला परततात, तोवर जुनाच पगार. मूळ वेतन ५०,००० असेल तर ३ टक्क्यांप्रमाणे महिना १,५००, म्हणजे साडेपाच महिन्यांत आठ हजारांच्या आसपास आणि वर त्यावरचा महागाई भत्ता. १ जुलैला हजर राहून २ जुलैपासून रजा घेतली तर नवीन वेतनावर पगार निघतो आणि रजा २८ डिसेंबरपर्यंत जाते. तब्येत ठणठणीत आणि शाळा घराजवळ असेल तर हे करावं. पावसात घाटातून स्कूटीवर जायचं असेल तर आठ हजार गेले तरी चालतील. १ जानेवारीच्या वेतनवाढीलाही हेच लागू.

वाहतूक भत्ताही पूर्ण कॅलेंडर महिना रजेवर असाल तर त्या महिन्याचा मिळत नाही. पगारपत्रकात तो गाळलेला दिसला तर घाबरू नका, चूक नाही.

तारखांचा खेळ हा असा. पण तो शरीराच्या परवानगीने. डॉक्टर देतात ती तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांची. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरची तारीख जास्त भरवशाची, नंतरच्या सोनोग्राफीत ती चार-आठ दिवस इकडेतिकडे होते. दाखल्यावर एकच तारीख राहील याची काळजी घ्या. फाइलमध्ये तीन सोनोग्राफी आणि तीन तारखा असल्या की लिपिक नेमकी गैरसोयीची धरतो. आणि त्याच दिवशी बाळ येईल असं क्वचितच घडतं. सदतीस आठवडे पूर्ण झाले की कधीही. म्हणून तारखेच्या तीन आठवडे आधीपासून पुढचा प्रत्येक शाळेचा दिवस हा उसना दिवस समजायचा.

आमचं मत स्पष्ट सांगायचं तर छत्तीस आठवड्यांनंतर शक्यतो वर्ग घेऊ नये. रोज तासाहून जास्त एसटीचा किंवा दुचाकीचा प्रवास असेल, रस्ता खड्ड्यांचा असेल, वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल, तर चौतीस. जुळं असेल, रक्तदाब वाढत असेल, वार (प्लॅसेंटा) खाली असेल, आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली असेल, तर ही चर्चाच नको, डॉक्टर सांगतील तो दिवस. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा आणि हात अचानक सुजणं, बाळाची हालचाल कमी वाटणं यातलं काहीही झालं तर शाळा सुटण्याची वाट बघू नका, तासाच्या मध्यात उठा.

शाळेचे म्हणून काही धोके वेगळे आहेत. एक कांजण्यांचा. वर्गातल्या मुलाला कांजण्या निघाल्या आणि तुम्हाला लहानपणी झालेल्या नसतील, लसही झाली नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, दोनचार दिवस 'बघू' म्हणत थांबू नका. संपर्कानंतर जे इंजेक्शन देता येतं त्याला वेळेची मर्यादा असते. रुबेलाचा संपर्क आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या दोन्ही लसी गरोदरपणात घेता येत नाहीत, त्यामुळे पुढे कधी बाळाचा विचार असणाऱ्या तरुण शिक्षिकांनी आधीच घेऊन ठेवाव्यात. दुसरा धोका स्वच्छतागृहाचा. कित्येक शाळांत ते असतं, पाणी नसतं, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून धरतात. लघवीचा संसर्ग होतो, त्यातून अपुऱ्या दिवसांत कळा सुरू होण्याची भीती असते. प्रत्येक दोन तासिकांनंतर जाऊन यायचं. वर्ग पाच मिनिटं गोंधळ घालेल, घालू दे. खुर्ची मागून घ्या, फळ्यावर लिहायला मुलं बोलवा, दुपारची पोषण आहाराची पातेली उचलायला अजिबात हात लावू नका.

आता कागद. सातव्या महिन्यात कच्चा अर्ज, रजेच्या किमान महिनाभर आधी पक्का. अर्ज विहित नमुन्यात, मुख्याध्यापकांमार्फत. प्राथमिकला तो केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. सोबत डॉक्टरांचा दाखला, पहिल्या सोनोग्राफीची प्रत, हयात अपत्यांबाबतचं स्वयंघोषणापत्र. दाखल्यावर प्रसूतीची अपेक्षित तारीख स्पष्ट लिहिलेली, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का असलेला. 'विश्रांतीची आवश्यकता आहे' एवढंच लिहिलेला दाखला हमखास परत येतो, आणि परत आलेलं कळतं तेव्हा बाई दवाखान्यात असतात. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या, फोटो काढून ठेवा. अर्जात 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही तारखा लिहा, फक्त 'सहा महिने' नको. आणि एक ओळ आवर्जून घाला: त्याआधी प्रसूती झाल्यास रजा प्रसूतीच्या दिनांकापासून धरावी.

ही ओळ नसल्यामुळे होणारा घोळ नेहमीचा. अर्ज १ नोव्हेंबरचा, बाळ आलं २५ ऑक्टोबरला. आदेश १ नोव्हेंबरचाच निघतो, मधले सात दिवस लोंबकळतात. सुट्टी असेल तर प्रश्न कमी, शाळा असेल तर पगार अडतो. असं झालं तर डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडून आठवड्याच्या आत सुधारित अर्ज घरच्या कुणाकडून तरी पोचवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखला घ्या, तो पुढे कार्यालयालाही लागतो.

मंजुरीचा आदेश हातात येईपर्यंत शालार्थमध्ये (शिक्षकांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत) पगार कसा निघणार हे मुख्याध्यापकांना किंवा लिपिकाला विचारून ठेवा. आदेश नाही म्हणून देयकातून नाव वगळलं की थकबाकीच्या देयकाचा नवा फेरा सुरू होतो, आणि माध्यमिकला वेतन पथकाच्या दारात उभं राहावं लागतं.

वर्ग सोपवण्याला किमान आठवडा द्या. हजेरीपट, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, प्रगतिपत्रकं, विद्यार्थ्यांचे आधार आणि जन्मतारखेचे प्रलंबित दुरुस्ती अर्ज, शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रं, ग्रंथालय किंवा विज्ञान साहित्याचा साठा, जे तुमच्या नावावर असेल ते यादी करून, घेणाऱ्याची सही घेऊन द्या. द्विशिक्षकी शाळेत दुसरे गुरुजी चारही वर्ग घेणार असतात, त्यांना निदान कुठलं प्रकरण कुठवर झालं आणि कुठल्या तीन मुलांना अजून जोडाक्षरं जमत नाहीत एवढं लिहून दिलं तरी ते दुवा देतील. एक गोष्ट विसरू नका. यू-डायस आणि सरल या शाळेची माहिती भरायच्या संकेतस्थळांच्या लॉगिनला तुमचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तो आधी बदलून घ्या. नाहीतर संचमान्यतेसाठी (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यासाठी) पटाची माहिती भरायच्या दिवसांत तुमच्या खाटेशेजारी दिवसाला दहा ओटीपी येतील आणि प्रत्येकामागून मुख्याध्यापकांचा फोन.

बीएलओचं (मतदारयादीचं) काम अंगावर असेल तर शाळेच्या अर्जाने ते सुटत नाही. ते तहसील कार्यालयाचं, तिथे वेगळं पत्र, दाखल्याची प्रत आणि यादी जमा केल्याची पोच. निवडणूक प्रशिक्षणाचा आदेश आला तरी तसंच. जनगणनेचंही तेच: लोकांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, त्या हिवाळ्यातल्या बाळंतिणींनी प्रगणकाच्या यादीतलं नाव आधीच बघून घ्यावं.

विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांतल्या शिक्षिकांना पूर्वी १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातली, २०१७ च्या दुरुस्तीनंतरची चौकट होती; २१ नोव्हेंबर २०२५ पासून तीच चौकट सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे. पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. त्यातले प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त ८ आठवडे, त्यामुळे नोव्हेंबरची वरची युक्ती इथे त्या मर्यादेतच. प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत त्या संस्थेत ८० दिवस काम झालेलं हवं. मार्चमध्ये 'आता राजीनामा द्या, जूनमध्ये पुन्हा घेऊ' असं गोड बोलून सांगितलं जातं, ते ऐकू नका. राजीनामा दिला की हक्कही गेला आणि आधीची सेवाही. या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. रजेची सूचना लेखी द्या, ईमेलने तर नक्कीच. परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजायला वेळ मिळण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

केंद्रीय विद्यालयांत आणि गोव्यात सरकारी शाळांत केंद्राचे नियम चालतात, तिथे प्रसूतीचे १८० दिवस आणि पुढे सेवेत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा. महाराष्ट्रात बालसंगोपन रजा २३ जुलै २०१८ च्या शासन निर्णयाने आली, संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. सगळी बाळंतपणातच संपवू नका. पहिल्या आजारपणाला आणि पुढे दहावीच्या वर्षालाही ती लागते. पण परतायच्या तारखेला बाळ बाटलीला तोंड लावत नसेल, तर दोनतीन आठवडे तिच्यातून घ्यायला हरकत नाही. हा अर्ज प्रसूती रजा संपायच्या तीन आठवडे आधी जायला हवा.

परतायच्या दिवशी हजर अहवाल दोन प्रतींत न्या, त्यावर तारखेबरोबर 'मध्यान्हपूर्व' लिहा. परिवर्तित रजा जोडली असेल तर डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला सोबत. वेतनवाढ अडली असेल तर ती सुरू करण्याचा अर्ज त्याच दिवशी वेगळ्या कागदावर. महिन्याभराने सेवापुस्तक मागून घ्या आणि रजेच्या नोंदीतल्या दोन्ही तारखा आपल्या पेन्सिलच्या कागदाशी ताडून पाहा. नोंद अर्धवेतनी रजेच्या रकान्यात गेलेली सापडली तर लगेच दुरुस्त करून घ्या. निवृत्तीच्या वर्षी ती दुरुस्त करणारं कुणी भेटत नाही.